डावीकडचं हसू

३ फेब्रुवारी

फोटो फाटला! ठकी दोन वर्षांची, तिच्या बाबाच्या खांद्यावर बसलेली — तो. चिकट पानांचा जुना अल्बम. वरचं प्लास्टिक सोललं, फोटोखाली नख घातलं आणि कोपरा सुटून हातात आला. तिचं एक पाऊल आणि आभाळाचा तुकडा. चेहरे वाचले, एवढंच नशीब.

ठकीचं लग्न एक मार्चला. हॉलमध्ये पडद्यावर दाखवायला तिला व्हिडिओ हवाय. नुसते एकामागून एक फोटो नकोत — हलणारे हवेत. माणसं पुढे येतात, झाडं मागे सरकतात, ढग चालतात म्हणे. फोटो निवडून, स्कॅन करून द्यायचं काम माझ्याकडे. "आई, कुठला कधीचा ते तुलाच माहीत."

मला कुठलं माहीत! अल्बम सगळे त्याने लावलेले. हा फोटो समोर धरून मी त्याला विचारलं, "हे कुठलं रे? मोठ्या बागेतलं की सहलीतलं?"

"चालेल," तो म्हणाला.

५ फेब्रुवारी

ऑगस्टपासून ही वही उघडलीच नव्हती. म्हणून ते इथे कुठेच नाही. एकदाच लिहून टाकते.

त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, तोंडाची उजवी बाजू ओघळली. आणि शब्द गेले — सगळे. मग दवाखान्यातच एक परत आला. चालेल. पाणी नाही, ठकी नाही, माझं नाव नाही. चालेल! आयुष्यभर हॉटेलात काय मागवायचं, पडदे कुठले घ्यायचे, सगळ्याला हेच म्हणायचा. मी चिडायचे. बहुतेक तोच शब्द वापरून वापरून घट्ट झाला असेल, बाकीचे पोकळ होते ते वाहून गेले.

व्यायाम करवून घ्यायला येते ती ताई सांगते, "त्यांना कळतं सगळं. फक्त बाहेर येताना वाटेत एकच दार उघडं आहे."

"पंखा लावू?" — चालेल. "बंद करू?" — चालेल. "खिडकीतून खाली टाकून देऊ तुला?"

"चालेल!" आणि हसला.

मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले थोडा वेळ.

६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना फोटो फाटल्याचं सांगितलं. (सकाळी मी त्यांच्या दातांच्या दवाखान्यात असते — फोन, वेळा, पावत्या. घरी त्याच्यापाशी तेव्हा कामाच्या मावशी.) त्यांनी दात साफ करायच्या दोऱ्याची डबी हातात ठेवली. "नख नाही लावायचं. हा दोरा फोटोखाली घाला आणि करवतीसारखा हळूहळू ओढा. दातात अडकलेलं निघतं, फोटो काय चीज आहे!"

निघाला! एक नाही, पानंच्या पानं निघाली. फोटोमागे गोंदाच्या पिवळ्या रेघा. काही ठिकाणी त्याचं अक्षर.

स्कॅनरही दवाखान्यातलाच वापरते, दुपारी पेशंट नसताना. काच पुसायची, फोटो उपडा ठेवायचा, झाकण हलकेच. एक केस राहिला तरी पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो म्हणे.

८ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी आणि जाऊबाई आले होते. हे त्याचे मोठे भाऊ. घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो आणि खरं सांगायचं तर ऑगस्टपासून मला ते बरंच वाटत आलंय. दवाखान्यात रात्रंदिवस तेच धावले.

चहा झाल्यावर त्यांनी घसा साफ केला. तेव्हाच कळलं, काहीतरी बोलायचं ठरवून आलेत.

"हॉल पहिल्या मजल्यावर. लिफ्टमध्ये ती चाकांची खुर्ची मावत नाही, मी मापून आलो. उचलून न्यावं लागेल. एवढी गर्दी, एवढा आवाज. साखरपुड्याच्या दिवशी काय झालं बघितलंस ना?"

बघितलं. घरातल्या घरात, चार माणसांत. सगळे एकदम बोलायला लागले आणि हा रडायला लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा, थांबेचना. ताई म्हणते, त्या आजारात असं होतं — हसू आणि रडू दोन्हींचे नळ सैल होतात. पण व्याह्यांनी मान खाली घातली आणि ठकी आतल्या खोलीत निघून गेली.

"त्याचाही मान आहे," भाऊजी म्हणाले. "लोकांनी त्याला असा बघावा का? लोकांनी तो बघितलेला आहे, आधी कसा होता तो. तसाच लक्षात राहू दे."

मग उठून त्याच्या खुर्चीजवळ गेले. गुडघ्यावर हात ठेवला. "तू घरीच आराम कर. मावशी थांबतील सोबत. आम्ही तुला सगळा व्हिडिओ आणून दाखवू. चालेल ना रे?"

"चालेल."

जाऊबाईंनी सुस्कारा सोडला. ठकीने कप उचलले. झालं. ठरलं!

प्रश्नातच उत्तर भरून दिलं होतं हो भाऊजी. हे मी तिथे म्हणायला हवं होतं. इथे लिहितेय.

९ फेब्रुवारी

रात्रभर तेच. सकाळी त्याला विचारलं, "लग्नाला यायचंय?" — चालेल. "घरी राहायचंय?" — चालेल. आवाजही तोच. माझ्याकडे पुरावा म्हणून काहीही नाही.

११ फेब्रुवारी

व्हिडिओवाल्याकडे गेले, पेन ड्राइव्ह घेऊन. जिन्याखालची खोली, दोन मोठे पडदे, सगळीकडे वायरी. चांगला आहे माणूस. नाकावर चष्मा, डोक्यावर दुसरा. प्रत्येक वाक्याला "मॅडम, आपण काय करतो माहितीये का".

"मॅडम, आपण काय करतो माहितीये का, माणूस वेगळा कापतो. मागचं वेगळं. माणूस काढला की मागे भोक पडतं, ते कॉम्प्युटर भरून टाकतो — भिंत असेल तर भिंत, झाड असेल तर झाड. मग माणूस थोडा पुढे आणायचा, मागचं थोडं मागे. फोटो जिवंत!"

त्याने करून दाखवलं. नदीकाठचा फोटो. हा आणि ठकी काठावरून उचलले गेले, काठ भरून आला. क्षणभर पडद्यावर नुसती नदी. दोघं कधी आलेच नव्हते जणू.

आणखी एक. फोटो उभे, पडदा आडवा. त्यामुळे सगळ्यांचे पाय कापले जातात. मी म्हटलं, "याचे बूट येऊ द्या." तपकिरी, फीतवाले. प्रत्येक फोटोत तेच, प्रत्येक फोटोत चमकणारे. रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून पॉलिश करत बसायचा, ठकी ब्रश धरायला शेजारी.

"मॅडम, बूट ठेवले तर डोकं जाईल."

ठीक आहे. डोकं ठेवा.

१२ फेब्रुवारी

ते बूट माळ्यावर आहेत. तो दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी जाऊबाईंनी खुर्ची फिरायला जागा करायची म्हणून दारातलं सगळं उचललं. "आता काय लागणारेत," असं म्हणाल्या नाहीत. नुसते खोक्यात घातले आणि खोकं वर.

मीच शिडी धरली होती.

१५ फेब्रुवारी, रविवार

ठकीबरोबर फोटो निवडायला बसले. किती हसलो! तिचा दुधाचे दात पडलेला, तिचा सायकलवरून पडून गुडघा फुटलेला, तिने स्वतःची बट स्वतःच कापली तो. "आई, हा नाही हं! सासरचे परत पाठवतील." "पाठवू देत की, मला कामाला माणूस होईल."

मग अलीकडचा एक काढला. डिसेंबरमधला. खिडकीपाशी तो खुर्चीत, ती शेजारी उभी. मोबाइलवर मावशींनी काढलेला, थोडा तिरका. मी म्हटलं, हा शेवटी घालू या.

"नको."

"का गं?"

"नको म्हटलं ना."

मग अल्बमकडेच बघत — "आई, मी वाईट आहे असं समजू नकोस. पण मला ह्यांच्यात बाबा सापडत नाही. मी शोधते. रोज ऑफिसातून आले की त्यांच्यासमोर बसते आणि शोधते. नाही सापडत. एक दिवस तरी मला तो फोटोतला हवाय. सगळ्यांसमोर. हसणारा."

तिच्या केसांवरून हात फिरवला. पलीकडच्या खोलीत तो जागा होता. दार उघडं होतं.

१८ फेब्रुवारी

ठकीने व्हिडिओवाल्याशी परस्पर ठरवलं. शेवटचा फोटो खास करायचा. हा कठड्याला टेकून उभा आहे, तोंड मिटलेलं, तो. कॉम्प्युटर त्याला हसवणार. मान वळवून ठकीकडे बघणार, हसणार आणि हात हलवणार.

मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? चालेल, असंच बहुतेक.

२० फेब्रुवारी

व्हिडिओचा तो शेवटचा तुकडा मोबाइलवर आला.

मान वळली. डोळे बारीक झाले. ओठ उघडले आणि तो हसला — मोठं, सरळ, भरघोस हसू. मग उजवा हात उचलून हलवला. उजवा!

ठकी रडली. जाऊबाईंनी पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. भाऊजींचा फोन आला, "अगदी तोच गं. अगदी तोच."

मी एकटी बघत बसले. काहीतरी खुपत होतं. सुंदर होतं, कोणीही म्हणेल. पण घरात शिरलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं वाटत राहिलं. मग भीती वाटली — मीच विसरले का? सव्वीस-सत्तावीस वर्षं जे हसू समोर होतं ते कसं होतं? डोळे मिटले तर हेच दिसायला लागलंय. सरळ, भरघोस.

उद्या याने खरं पुसलं जाणार. ठकीच्या डोक्यातून तर गेलंच. माझ्याही.

२१ फेब्रुवारी

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना तो तुकडा दाखवला. दाखवायचा नव्हता, त्याच म्हणाल्या, "बघू तरी आपली स्टार मंडळी." त्यांनी चष्मा लावला, बघितलं, परत बघितलं.

"हे दात त्यांचे नाहीत."

"म्हणजे?"

"अहो, उजवीकडचा वरचा सुळा मीच काढलाय त्यांचा. आणि त्याआधी तो अर्धा तुटलेला होता — शाळेत असताना नळावर आपटून, असं सांगितलं होतं त्यांनी. इथे तर सगळे दात ओळीत उभे! कवायतीला!" मग म्हणाल्या, "स्कॅन केलेले उघडा बरं सगळे."

उघडले. त्यांनी एकेक मोठा करत नेला, एक्स-रे बघतात तसा. खांद्यावर ठकी. नदीकाठ. पहिली सायकल. आमचा दोघांचा, अगदी सुरुवातीचा.

"बघा. कुठेही उजवीकडचे दात दिसत नाहीत. तुटका दात लपवायला लहानपणीच सवय लागते माणसाला, मग दात गेला तरी सवय राहते. तुमचे मिस्टर कायम डावीकडूनच हसतात. उजवी बाजू हसतानाही मिटलेली."

हसतात, म्हणाल्या. हसायचे, नाही.

रिक्षाने घरी आले. चपला न काढता त्याच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "खिडकीतून खाली टाकून देऊ का रे तुला?"

"चालेल!"

डावा कोपरा वर गेला. डाव्या गालावर ती बारीक रेघ. उजवी बाजू मिटलेली.

आहे! तसंच आहे! त्या आजाराने जी बाजू नेली ती तो हसायला वापरतच नव्हता. आम्ही सगळे अर्ध्या चेहऱ्याकडे बघून रडत होतो आणि हसू दुसऱ्या अर्ध्यात होतं. माझ्यासमोर. रोज!

२२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. काही उपयोग नाही.

ठकीला दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले — नदीकाठचा आणि डिसेंबरमधला खुर्चीतला. ती पाहत राहिली. मग म्हणाली, "आई, तुला असं दिसतंय कारण तुला असं दिसायला हवंय." मग डोळे पुसून, "सॉरी. पण प्लीज, आता नको. आठवडा राहिलाय."

भाऊजींना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं, खरंच ऐकलं. "हसण्याचा प्रश्नच नाहीये गं. जिन्याचा आहे. गर्दीचा आहे. तिथे रडायला लागला तर तू लेकीकडे बघशील की त्याच्याकडे? आणि त्याला विचारलंय आपण. तो चालेल म्हणालाय."

व्हिडिओवाल्याला विचारलं, हसू बदलता येईल का, फक्त डावीकडून.

"मॅडम, वाकडं दिसेल ते."

२४ फेब्रुवारी

मावशींना रविवारच्या सूचना दिल्या. औषधं, जेवण मऊ, दुपारी टीव्ही लावा. मावशी म्हणाल्या, "बाई, मला काय, मी बसेन. पण ह्यांनी विचारलं सगळी कुठे गेली, तर?"

विचारणार कसा, मावशी?

त्या पदराला हात पुसत आत गेल्या.

२६ फेब्रुवारी

व्हिडिओ पूर्ण. त्यालाही दाखवला, मोठ्या टीव्हीवर, ठकी शेजारी बसून. "बाबा, ही मी. बाबा, ही आपली सायकल." ढग चालले, झाडं सरकली, पाय कुणालाच नाहीत. शेवटी तो हसला आणि हात हलवला.

ह्याने बघितलं. मग डावा हात थोडा उचलला आणि पडद्यातल्या माणसाला हलवून दाखवला — ओळख नसलेल्या माणसाने हात केला तर आपण करतो तसा. भिडस्त.

ठकी म्हणाली, "आवडला ना बाबा?"

"चालेल."

ती उठून गेली. मी रिमोट शोधत बसले. हातातच होता.

२७ फेब्रुवारी

घर भरलंय. गाद्या, पिशव्या, पाहुणे, कुणाची तरी इस्त्री कायम चालू. सगळे त्याच्या खोलीत जाऊन "कसं काय?" विचारतात, "चालेल" ऐकून हसत बाहेर येतात. एक लांबचे काका म्हणाले, "ह्याचं बरं आहे, कशाला नाही म्हणत नाही!" सगळे हसले.

मी पण हसले. का हसले?

२८ फेब्रुवारी

ठकी संध्याकाळी त्याच्यापाशी गेली. मी कपड्यांच्या घड्या करत होते, दाराबाहेर. ती म्हणाली, "उद्या मी जाणार हं बाबा." तो म्हणाला, चालेल. ती म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा. दमाल." चालेल. मी घडी खाली ठेवली. वाकून पाहिलं तर ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून बसली होती आणि हा डाव्या हाताने तिच्या केसांतली एकेक पिन काढून खुर्चीच्या हातावर ओळीत ठेवत होता. लहानपणी ठेवायचा तशा.

तिने मान वर केली नाही. त्याचा चेहरा तिला दिसलाच नाही.

मी तरी हाक मारायला हवी होती, वर बघ म्हणून. नाही मारली.

१ मार्च

खाली गाड्या उभ्या आहेत. दोनच मिनिटं आहेत म्हणून उभ्याउभ्या लिहितेय.

सगळे दारात होते. ठकी नटून. मी त्याच्यासमोर वाकले, बाहेर पडताना रोज म्हणते तेच म्हटलं, "येऊ का जाऊन?"

"नको."

भाऊजींच्या हातातली किल्ली खाली पडली. कोणी उचलेना. मी परत विचारलं, "आम्ही जाऊ?"

"नको. नको." आणि हसला. डावीकडून. ठकी समोरच होती, अगदी समोर. तिने पाहिलं.

तिने हातातली फुलं कुणाकडे तरी दिली आणि जमिनीवर बसली, त्या साडीसकट. पायमोजे चढवतेय त्याला. भाऊजी खाली ओरडताहेत, चार दणकट माणसं वर पाठवा, खुर्ची उचलायची आहे!

शिडी आणायला सांगितलीय. बूट माळ्यावर आहेत.